रेप्लिका स्पोर्ट्स कारचं स्टेअरिंग थरथरतंय? आधी ते कधी थरथरतं ते पकडा

बॅलन्सिंग परत परत करून झालं, अलाइनमेंट झालं, कोणीतरी सांगितलं म्हणून टायरपण नवे टाकले, तरी गाडी नव्वदच्या पुढे गेली की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतंच. कोब्रा, लोटस सेव्हन, पोर्शे स्पीडस्टर अशा गाड्यांच्या रेप्लिका, म्हणजे दिसायला तशाच पण वेगवेगळ्या पार्टमधून बांधलेल्या गाड्या, ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून ही तक्रार इतक्या वेळा ऐकायला मिळते की यावर एकदा नीट, सविस्तर लिहावं असं वाटलं. कारण साध्या गाडीला जो सल्ला चालतो तो इथे अर्धाच चालतो.

का ते बघा. कंपनीतून आलेल्या गाडीत हब (ज्यावर चाक बसतं तो फिरणारा भाग), रिम, रॅक (पुढची चाकं वळवणारी आडवी दांडी), स्टेअरिंगचा कॉलम (स्टेअरिंगपासून रॅककडे जाणारा दांडा), सगळं एकमेकांसाठीच बनवलेलं असतं. रेप्लिकात तसं नसतं. वरची बॉडी १९६५ च्या ४२७ कोब्रासारखी, पण खाली पुढचं सस्पेन्शन १९७४ ते ७८ मधल्या मस्टँग टू च्या डिझाइनचं, किंवा जग्वार एक्सजे चं, किंवा फोर्ड सिएराचं, रिम चौथ्याच कोणाचे, कॉलम अजून कुठल्यातरी गाडीचा कापून जोडलेला. स्पीडस्टर रेप्लिका असेल तर खाली बहुतेक वेळा फोक्सवॅगन बीटलचा प्लॅटफॉर्म. यातला प्रत्येक पार्ट एकटा बघितला तर चांगला असू शकतो, आणि तरीही गाडी थरथरते, कारण भानगड पार्टमध्ये नसून दोन पार्ट जिथे एकमेकांना भेटतात त्या जागी असते. माझं सगळं म्हणणं या एकाच गोष्टीभोवती आहे.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट, हिच्यात अजिबात तडजोड नको. थरथर जर अचानक सुरू झाली असेल, म्हणजे काल नव्हती आणि आज आहे, किंवा चालवता चालवता वाढत चालली असेल, तर गाडी बाजूला घ्या आणि चाकांचे नट हाताने आणि पान्याने तपासा, टायरला कुठे फुगवटा आलाय का बघा. ढिलं झालेलं चाक सुरुवातीला अगदी साध्या बॅलन्सिंगच्या थरथरीसारखंच वाटतं. खाली जे लिहिलंय ते जुन्या, ओळखीच्या, रोज तिथेच येणाऱ्या थरथरीबद्दल आहे.

आता पहिला प्रश्न, थरथर कधी येते? यावर मेकॅनिक लोकसुद्धा घाई करतात आणि थेट चाक काढायला घेतात, पण इथे पंधरा मिनिटं दिली तर पुढचे कित्येक तास वाचतात. ठराविक स्पीडला येते आणि त्याच्यापुढे कमी होते, की स्पीडबरोबर वाढतच जाते? ब्रेक दाबल्यावरच येते का? गाडी उभी असताना नुसतं इंजिन चालू असलं तरी येते का? की रस्त्यात खड्डा किंवा सांधा लागला की सुरू होते आणि मग काही सेकंद थांबतच नाही? हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

ओळखायची सोपी टेस्ट अशी: मोकळा सरळ रस्ता बघा, ज्या स्पीडला थरथर येते त्या स्पीडला गाडी न्या आणि क्लच दाबून इंजिनचा आरपीएम खाली येऊ द्या, इंजिन बंद मात्र अजिबात करू नका, कारण चावी फिरवली तर स्टेअरिंग लॉक व्हायचा धोका असतो. क्लच दाबूनही थरथर तशीच राहिली तर इंजिन बहुतेक सुटलं, चाकं, टायर, हब यांच्याकडे बघा. लगेच गेली तर इंजिन, त्याची माउंटिंग, एक्झॉस्ट यांच्याकडे बघा, आणि मागे जाणारा शाफ्ट लोडवर असताना काही करतोय का तेही बघा. नंतर त्याच स्पीडला एक गिअर खाली टाकून बघा (आरपीएम रेड लाइनच्या आत राहतोय ना ते बघून). स्पीड तेवढाच पण आरपीएम वाढला, आणि थरथरीत काही फरक नाही, म्हणजे ती चाकाच्या स्पीडशी बांधलेली आहे.

आकड्यांची भीती वाटत नसेल तर अजून एक पायरी आहे आणि मला ती फार आवडते. मोबाईलमध्ये व्हायब्रेशन मोजायचं अॅप मिळतं, फोन कॉलमला घट्ट बांधायचा आणि शेजारी बसलेल्याला स्क्रीन बघायला सांगायचं. साधारण ६४ सेंटिमीटर व्यासाचा टायर एका फेरीत २ मीटर जातो. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १४ फेऱ्या मारतं. स्क्रीनवर १४ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १४ वेळा) आसपास आलेखाचं टोक दिसलं तर चाक. २८ ला दिसलं तर प्रत्येक फेरीत दोनदा धक्का बसतोय, म्हणजे टायर किंवा रिम थोडा अंडाकृती झालेला असू शकतो. ५० च्या आसपास दिसलं तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, कारण मागच्या डिफरन्शिअलचा रेशो ३.५४ असेल तर शाफ्ट चाकाच्या साडेतीन पट फिरतो. इथे एक चकवा आहे, टॉप गिअर जर वन टू वन असेल तर इंजिन आणि शाफ्ट एकाच स्पीडला फिरतात, दोघंही ५० हर्ट्झलाच दिसणार, मग कोण ते कळणार कसं? गिअर बदलून. गिअर बदलल्यावर टोक सरकलं तर इंजिन, जागेवर राहिलं तर शाफ्ट.

बहुतेक लोकांची थरथर मात्र पहिल्या प्रकारची निघते. ८० ते ११० च्या मध्ये सुरू होते, एका स्पीडला सगळ्यात जास्त असते, आणि १२०-१३० ला थोडी कमी झाल्यासारखी वाटते. हे असं का होतं तर पुढची चाकं, सस्पेन्शन आणि स्टेअरिंग यांची सगळ्यांची मिळून एक स्वतःची झोके घ्यायची गती असते, ती साधारण १० ते १५ हर्ट्झच्या आत येते. चाकाचे धक्के त्या गतीशी जुळले की छोटासा धक्कापण मोठा होऊन हातात येतो, पुढे गेलं की जुळणी सुटते. म्हणून स्पीड वाढवल्यावर थरथर गेली याचा अर्थ दोष गेला असा नाही, तो तिथेच आहे, फक्त हाताला कळत नाहीये.

आणि धक्का काही छोटा नसतो. रिमच्या कडेला, मध्यापासून २० सेंटिमीटरवर, फक्त ३० ग्रॅम वजन जास्त असेल तर १०० च्या स्पीडला ते जवळपास साडेचार किलोच्या जोराने चाकाला ओढतं, सेकंदाला चौदा वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला. ५० च्या स्पीडला हाच जोर एक किलोच्या थोडा वर असतो, कारण स्पीड दुप्पट केला की जोर चौपट होतो.

मग तोच ३० ग्रॅमचा फरक साध्या फॅमिली गाडीत एवढा का जाणवत नाही? तिथे वाटेत बरंच काही तो गिळून टाकतं. कॉलमच्या खाली रबराचा कपलिंग असतो, रॅक रबरी बुशवर बसवलेला असतो, डॅशबोर्डच्या मागे जाड लोखंडी आडवा बीम असतो, आणि स्टेअरिंग स्वतः एअरबॅगसकट चांगलं जड असतं, काही गाड्यांमध्ये तर तो एअरबॅग मुद्दाम अशा पद्धतीने बसवतात की तोच थरथर शोषून घेतो. रेप्लिकात यातलं काय उरतं? कॉलमला दोन लोखंडी यू-जॉइंट (दांडा कोनात वळवणारे सांधे), रॅक बऱ्याचदा अॅल्युमिनियमच्या क्लॅम्पवर घट्ट, कॉलमचं वरचं टोक पातळ पत्र्याला किंवा फायबरला, आणि हातात लाकडी रिंगचं हलकं सुंदर स्टेअरिंग. त्यामुळे रेप्लिकाला साध्या गाडीपेक्षा जास्त काटेकोर चाकं लागतात. मशीनवर ५-१० ग्रॅम इकडेतिकडे राहिलं तर चालतं असं म्हणणाऱ्या माणसाला थांबवा आणि शून्यावर आणायला लावा.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मशीनवर शून्य आणि रस्त्यावर थरथर हे एकाच वेळी कसं शक्य आहे.

बॅलन्सिंग मशीन चाक त्याच्या मधल्या भोकात कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा तुकडा, घालून पकडतं. म्हणजे चाक मशीनच्या मध्यावर शून्य झालं. तुमच्या हबच्या मध्यावर ते शून्य आहे की नाही हे मशीनला माहीतच नाही. भोवऱ्याची आर जरा बाजूला ठोकली गेली तर भोवरा कितीही गुळगुळीत असो, तो डगडगणारच, तसंच हे. टायरसकट चाक २० किलोचं धरा आणि ते हबवर फक्त अर्धा मिलिमीटर बाजूला बसलं असं धरा. हिशोब केला तर हे रिमच्या कडेला ५० ग्रॅमचं वजन उगाच चिकटवल्यासारखं होतं! अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, आणि कुठलंही मशीन ते दाखवणार नाही, कारण मशीनवर ते नसतंच.

चाक बाजूला का बसतं याची रेप्लिकातली कारणं ठरलेली आहेत. सगळ्यात जास्त वेळा मधल्या भोकाचं माप. सिएराच्या हबचा मधला गोल भाग ६३.४ मिलिमीटरचा, आणि बाजारात मिळणाऱ्या कित्येक रिमचं भोक ७३.१ चं, कारण तो रिम बऱ्याच गाड्यांना बसावा म्हणून मोठंच ठेवलेलं असतं. मधली जागा भरायला रिंग मिळते, ती नसेल, तुटली असेल किंवा चुकीच्या मापाची असेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर येतं. नट तिरक्या बुडाचे असतील आणि नीट कसले असतील तर ते आणतातही, रिंग नाही म्हणजे गाडी थरथरणारच असं नाही. पण चाक जमिनीवर टेकलेलं असताना एक नट पूर्ण कसला आणि मग बाकीचे कसले की चाक जिथे अडकलं तिथेच राहतं. बरोबर पद्धत म्हणजे चाक हवेत, सगळे नट आधी हाताने, मग चाक हलवत हलवत समोरासमोरचे नट थोडे थोडे, आणि शेवटचं कसणं टॉर्क पान्याने. इम्पॅक्ट गनने धडाधड कसलेल्या चाकावर कोणतंही निदान करू नका.

दुसरं कारण नटांचं बूड. काही रिमला तिरकं बूड लागतं, काहींना गोल, काहींना सरळ दांड्याचा नट आणि वॉशर. बीटलसारख्या जुन्या गाडीचे गोल बुडाचे बोल्ट तिरक्या सीटच्या रिममध्ये घातले तर कसले जातात, घट्ट लागतात, पण धरतात फक्त एका बारीक रेषेवर. हे थरथरीपुरतं नाहीये, चाक निघून जायचा धोका आहे यात.

तिसरं, अडॅप्टर आणि स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये बसवायचे जोडतुकडे आणि चकत्या. कोब्रावर मधोमध एकच मोठा नट असलेली नॉक-ऑफ चाकं हवीत म्हणून हबवर अडॅप्टर लावतात, म्हणजे आता हब आणि अडॅप्टर, अडॅप्टर आणि रिम असे दोन सांधे झाले आणि दोन्हीकडे थोडं थोडं बाजूला सरकायची सोय झाली. स्पोकवाली चाकं असतील तर आतले स्प्लाइन (एकमेकांत अडकणारे दाते) झिजलेत का बघा, चाकाला पुढे-मागे फिरवायचा झटका दिला आणि टक्क आवाज आला तर झिजलेत. एखाद-दुसरा स्पोक ढिला आहे का ते पान्याने हलकेच वाजवून कळतं, घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, ढिला बद्द.

आणि एक बारीक गोष्ट जिच्याकडे कोणी बघत नाही, पेंट. गाडी बांधताना हौसेने हब, ब्रेकच्या डिस्कची मधली टोपी, रिमची मागची बाजू सगळ्यावर पावडर कोट मारलेला असतो, आणि जिथे धातूला धातू टेकायला हवा तिथे रंगाचा थर असतो, कुठे जाड कुठे पातळ. चाक त्यामुळे किंचित तिरकं बसतं आणि वर रंग दबत गेला की नटही ढिले होतात. टेकणारे चेहरे, म्हणजे एकमेकांवर बसणारे पृष्ठभाग, साफ, कोरडे, उघड्या धातूचे हवेत.

हे सगळं अंदाजाने न बोलता मोजता येतं. एक डायल गेज आणि चुंबकाचा स्टँड लागतो. गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, आधी बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) नाही ना ते बघा, नाहीतर सगळी मापं खोटी येतील. गेजचं टोक रिमच्या आतल्या कडेवर, जिथे टायर बसतो त्याच्या शेजारी, टेकवा आणि चाक हाताने हळू फिरवा. काटा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर शोध पुढे न्यायचा. जिथे काटा सगळ्यात वर गेला तिथे रिमवर खडूने खूण करा, आणि त्याच्या शेजारच्या स्टडवरपण (हबमधून बाहेर आलेला बोल्ट, ज्यावर नट बसतो). मग चाक काढा, एक-दोन स्टड फिरवून परत बसवा आणि परत मोजा. उंच जागा रिमवरच्या खुणेबरोबर गेली तर रिम वाकडा आहे. स्टडच्या खुणेशीच थांबली तर रिम बिचारा ठीक आहे, हब किंवा अडॅप्टर वाकडा आहे, आणि तुम्ही कितीही रिम बदला, काही होणार नाही. दोन्हीच्या मध्येच कुठेतरी गेली तर दोघांचा थोडा थोडा वाटा आहे, अशा वेळी सगळ्या स्टडवर फिरवून जिथे काटा सगळ्यात कमी हलतो ती जागा पकडायची आणि कायमची खूण करून ठेवायची. नुसत्या हबच्या चेहऱ्यावर मोजलं तर ०.०५ मिलिमीटरच्या आत यायला हवं. खडूच्या दोन खुणांची ही टेस्ट माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची आहे.

बॅलन्सिंगवाल्याकडे जाताना त्याला विचारा की स्टडच्या भोकांतून पकडणारी प्लेट आहे का. तुमचं चाक गाडीवर नटांवर मध्यावर येत असेल तर मशीनवरपण तसंच पकडायला हवं. नॉक-ऑफ किंवा स्पोकच्या चाकाला त्याच्या मापाचे वेगळे कोन लागतात, साध्या कोनवर पकडलेलं स्पोकचं चाक दर वेळी वेगळाच आकडा दाखवतं. खात्री करायची असेल तर चाक शून्य झाल्यावर काढायला लावा, अर्धं फिरवून परत पकडायला लावा आणि परत चालवायला लावा, आकडा बदलला तर पकडच चुकीची आहे.

टायरचं म्हणाल तर रेप्लिका गाड्यांची खरी अडचण म्हणजे त्या चालतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. महिनोन् महिने एका जागी उभ्या टायरला खाली सपाट डाग पडतो. थोडे दिवसांचा डाग असेल तर २०-३० किलोमीटर चालवून टायर गरम झाला की निघतो, म्हणून थरथर सुरुवातीला असते आणि नंतर जाते असं होत असेल तर हेच कारण. जुना डाग निघत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसते म्हणून १०-१२ वर्षं जुना टायर चांगला समजू नका, आतून तो कडक झालेला असतो आणि गोलाई सोडलेली असते. टायर रिमवर बसवताना पिवळा ठिपका व्हॉल्व्हशेजारी घ्यायचा, तो टायरचा हलका भाग दाखवतो. बॅलन्स शून्य, गोलाई ठीक आणि तरी थरथर असेल तर रोलरने टायरवर दाब देऊन तपासणारं रोड फोर्स मशीन लागतं, टायरची एक बाजू दुसरीपेक्षा कडक असेल तर ते फक्त त्यावरच कळतं.

हवेचं प्रेशर ज्या गाडीतून पार्ट घेतले तिचं पुस्तक बघून भरू नका. सेव्हनसारखी गाडी ५००-६०० किलोची असते, तिला १८ ते २२ पीएसआय पुरतं, ३२ भरलं तर टायर दगडासारखा होतो आणि रस्त्याचा प्रत्येक कण हातात येतो.

साध्या गाडीत पुढची चाकं मागे टाकून बघा म्हणतात. कोब्रा रेप्लिकात ते बऱ्याचदा जमत नाही, मागची चाकं रुंद असतात. पण इथे एक फायदा आहे जो कोणी वापरत नाही, तुमचे हब ज्या गाडीचे आहेत त्या गाडीची साधी स्टीलची दोन चाकं कोणाकडून तरी उसनी आणा, कॅलिपरला लागत नाहीत ना ते बघा, तिचेच नट वापरा आणि अडॅप्टर काढून पुढे लावा. दिसायला विचित्र दिसेल, पण थरथर गेली तर हब आणि स्टेअरिंगची बाजू निर्दोष आणि गुन्हेगार चाक, टायर किंवा अडॅप्टर. राहिली तर उलटं. नवीन पार्ट विकत घ्यायच्या आधी ही टेस्ट करा असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

चाकं ठीक निघाली तर ढिलाई शोधायची. चाक हवेत, हात वर आणि खाली धरून हलवा. प्ले वाटला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा बुश. हात डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले असेल तर टायरॉड एंड किंवा रॅक. टेपर बेअरिंगचा हब असेल तर चाक फिरवत नट घट्ट करायचा, मग सोडायचा आणि जेमतेम ०.०३ ते ०.१ मिलिमीटर मोकळीक राहील एवढाच परत बसवायचा, खूप घट्ट ठेवलं तर बेअरिंग जळतं. मग दोन्ही चाकं जमिनीवर, एकाने स्टेअरिंग भराभर थोडं थोडं डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांध्यावर हात ठेवत जायचं, टायरॉड, रॅकचे क्लॅम्प, यू-जॉइंट, कॉलमचं खालचं बेअरिंग. डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. रेप्लिकात दोन जागा खास बघायच्या: रॅक स्वतः चेसिसवर सरकतो का, आणि स्टेअरिंग काढता येणारा क्विक रिलीज बॉस असेल तर त्याचे स्प्लाइन. मस्टँग टू पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये खालच्या आर्मला पुढे-मागे धरणाऱ्या रॉडचे रबरी बुश फाटलेले असतील तर चाक पुढे-मागे नाचतं, हेही बघा.

खड्डा लागल्यावर सुरू होणारी आणि न थांबणारी थरथर, जिला शिमी म्हणतात, तिचं मूळ बहुतेक वेळा या ढिलाईत असतं, पण रेप्लिकात तिला खतपाणी घालणारी अजून एक गोष्ट आहे. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो खाली जमिनीपर्यंत वाढवला तर जिथे टेकतो, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. बॉडीच्या रुंद कमानी भराव्यात म्हणून २५ मिलिमीटरचा स्पेसर टाकला की हे अंतर सरळ २५ मिलिमीटरने वाढतं, आणि टायरला बसणाऱ्या प्रत्येक धक्क्याला स्टेअरिंग फिरवायला तेवढा लांब दांडा मिळतो. म्हणून तेच चाक, तेच बॅलन्सिंग, पण स्पेसर काढला की थरथर निम्मी होते असे प्रकार होतात. शक्य असेल तर स्पेसरऐवजी बरोबर ऑफसेटचा, म्हणजे चाक हबपासून हवं तेवढंच आत-बाहेर बसवणारा, रिम घ्या. दोन्हीकडचा कॅस्टरपण बघून घ्या, म्हणजे तो अक्ष मागे किती अंश कललाय ते, पॉवर स्टेअरिंग नसलेल्या अशा गाड्यांना साधारण ४ ते ६ अंश चालतात आणि डावा-उजवा सारखा असावा लागतो. टो (चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत ते) वगैरे नुसतं अलाइनमेंट करून थरथर सहसा जात नाही, टायर सरळ झिजतात एवढंच.

स्टेअरिंग डँपर, म्हणजे स्टेअरिंगचे झटके दाबणारा शॉक अब्सॉर्बर, लावू का असं बरेच जण विचारतात. बीटलमध्ये तो मुळातच असतो, तिच्यावर बांधलेल्या स्पीडस्टरमध्ये तो काढून टाकला असेल किंवा मेला असेल तर नवीन लावाच. बाकी गाड्यांत मात्र कारण सापडायच्या आधी डँपर लावला की थरथर दबते आणि ढिला बॉल जॉइंट तसाच आत राहतो. हे मला धोक्याचं वाटतं.

फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्कची जाडी मायक्रोमीटरने आठ जागी मोजा, एका जागेपासून दुसऱ्या जागेत ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा हातात जाणवू शकतो. डिस्क हबवर किंचित तिरकी बसलेली असते, तिची एक बाजू प्रत्येक फेरीत पॅडला घासते आणि महिन्या-दोन महिन्यांत जाडी कमी-जास्त होते, म्हणून नवीन डिस्क टाकल्यावर काही दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच. हबचा चेहरा साफ करून डिस्कचा तिरकेपणा ०.१ च्या खाली आणल्याशिवाय नवीन डिस्क टाकण्यात अर्थ नाही.

आणि गाडी उभी, इंजिन आयडलला, तरी स्टेअरिंग झिणझिणतंय? मग चाकांचा काही संबंध नाही. ८०० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन साधारण २७ हर्ट्झचे झटके देतं, व्ही-एट ५३ चे. कॉलम लांब आणि एकाच जागी लटकवलेला असेल तर त्याची स्वतःची थरथरायची गती याच्या जवळ येते. आयडलला स्टेअरिंगची रिंग धरून वर-खाली दाबा, सगळा डॅशबोर्ड तिच्याबरोबर हलत असेल तर कॉलमच्या ब्रॅकेटपासून चेसिसच्या नळीपर्यंत एक तिरका आधार वेल्ड करून घ्या. साइड एक्झॉस्ट चेसिसला टेकतोय का, इंजिन माउंट रबराचे आहेत की सरळ लोखंडाचे, हेडर्स (इंजिनमधून निघणारे एक्झॉस्टचे पाइप) आणि कॉलमचा शाफ्ट यांच्यात बोटभर जागा आहे का, हे त्याच वेळी बघून टाका. यू-जॉइंट दोन असतील तर दोघांचे काटे एका रेषेत आणि कोन सारखे हवेत, नाहीतर स्टेअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. मागच्या शाफ्टची गुणगुण हातापेक्षा सीटमध्ये जास्त येते, रेप्लिकात तो आखूड असल्यामुळे गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे कोन जुळलेले नसले की लगेच कळतं.

काम करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला, टायर तेवढेच गरम करून परत बघा. टायर, रिंग आणि बेअरिंग एकदम बदलून थरथर गेली तर कशामुळे गेली ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी आली की परत पहिल्यापासून. चाक हबवर ज्या स्टडला बसलं होतं ती खूण पुसू देऊ नका, पंक्चर काढणाऱ्यालासुद्धा तसंच बसवायला सांगा. अडॅप्टर किंवा नवीन नट लावले असतील तर ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर टॉर्क पाना परत फिरवायचा, आणि नॉक-ऑफ चाकांच्या खालचे अडॅप्टरचे नट बाहेरून दिसत नाहीत, म्हणून चाक उतरवून तेपण बघायचे.